उपासाच्या दिवशीची गोळी

९ मार्च, सोमवार

वन्संना नमस्कार.

पार्सल पोचलं. आत निघालं ते असं: रक्तातली साखर मोजायचं यंत्र एक, त्याच्या पट्ट्यांची डबी एक, सुयांचं पाकीट एक, कापसाची गुंडाळी एक. चिठ्ठी नाही. वजन जास्त भरलं म्हणून पोस्टमननं वरचे नऊ रुपये मागितले, ते दिले. पट्ट्यांची किंमत डबीवर वाचली आणि डबी दोन्ही हातांनी धरून कपाटात ठेवली.

इतकं महागाचं सामान तुम्ही का धाडलंत, आणि तुमच्या भावाला साखर निघाल्याचं तुमच्या कानावर कुणी घातलं, मला ठाऊक नाही. आईंच्या आजारपणात तुम्ही सगळ्यांदेखत यांना "औषध वेळेवर दिलंस का?" असं विचारलंत आणि हे पाठ फिरवून निघून गेले, तेव्हापासून या घरात तुमचं नाव निघत नाही. म्हणून यंत्र माझ्या माहेरून आलं असं सांगितलंय. खोटं बोलले, देव क्षमा करो. फोन बाइंडिंगच्या दुकानात आहे आणि तो हेच उचलतात, म्हणून पत्र. तुमची नोकरी सगळी नर्स म्हणून गेली, तुम्हाला कळेल. मला तर काही कळेनासं झालंय.

डॉक्टरीणबाईंनी दोन गोळ्या दिल्यात. एक बारकी, सकाळी न्याहारीच्या तोंडावर. दुसरी पांढरी, लांबोडकी, जेवण झाल्यावर. बारकीचं मी असं बसवलंय. हे सकाळी लवकर दुकानात जातात, डबा बरोबर. खालच्या कप्प्यात न्याहारी, वरच्यात दुपारचं. उंबऱ्यात मी देवाचं नाव घेऊन गोळी यांच्या तळहातावर ठेवते, हे पाण्याबरोबर गिळतात, चालत दुकानात पोचतात आणि कुलूप काढलं की न्याहारीला बसतात. म्हणजे गोळी आधी, न्याहारी मग, बाईंनी सांगितलं तस्संच. घरातली साखर मी पेटीत घालून कुलूप लावलंय, किल्ली माझ्या गळ्यात. आणि यांची साखर ताळ्यावर यावी म्हणून मी उपासाला सोमवार धरलाय, दिवसभर पाण्याखेरीज काही नाही. हे नको म्हणाले होते. मी म्हटलं, तुमचं पोट वेगळं आणि माझा देव वेगळा, तुम्ही मध्ये पडू नका.

एवढं सगळं करून माणूस सुधारायला हवा की नाही? उपास धरला आणि यांचं भलतंच सुरू झालं. गेल्या सोमवारी एका गिऱ्हाइकाच्या पुस्तकाचे फर्मे, म्हणजे छापलेल्या पानांच्या घड्या, मागचे पुढे लावून शिवून टाकले. तुम्हाला माहीतच आहे, हे डोळे मिटून जुजबंदीची शिवण घालतील, पण फर्मा चुकणार नाहीत. अख्खं पुस्तक उसवावं लागलं. आज तर भर सकाळी घरी परत आले. अंगातून घामाच्या धारा, शर्ट पिळून काढावा असा, आणि डोळे कुठेतरी लांब.

"चहा दे. गोड दे."

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय?"

"तिला दे बिनसाखरेचा! मला गोड दे!"

लग्न झाल्यापासून या माणसानं माझ्यावर आवाज चढवलेला नाही. मी किल्ली मुठीत घट्ट धरून बसले. मनात म्हटलं, ही रोगाचीच ओढ आहे, इथं ढिली पडले तर संपलं. मग कालचा भात होता तो पुढ्यात ठेवला, समोर बसून एकेक घास खायला लावला. खाऊन आडवे झाले. उठले ते ओशाळलेले. म्हणाले, मी काही बोललो का गं? मी म्हटलं, काही नाही.

साखर वाढली की माणूस भांडखोर होतो का, एवढंच विचारायचं होतं. आणि उपासाच्याच दिवशी असं का व्हावं? माझ्या उपासात कुठे खोट राहते आहे का? ते तुम्ही कसं सांगणार म्हणा.

पट्टी मी महिन्याच्या पहिल्या तारखेला एक वापरायचं ठरवलंय. म्हणजे डबी पुरेल.

तुमची वहिनी

२६ मार्च, गुरुवार

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. बरं झालं, हे दुकानात होते. चारच ओळी लिहिल्यात, पण लागल्या. "पट्ट्या कपाटात जपायला पाठवलेल्या नाहीत. झटका येईल तेव्हा लगेच बोट टोच आणि आकडा कळव. साखर कुलपात ठेवू नकोस." पहिली दोन वाक्यं समजली. तिसरं वाचलं आणि वाटलं, तुम्ही अजून आमच्यावर रागावलेल्या आहात. साखरेच्या माणसाच्या घरात साखर उघड्यावर ठेवायची म्हणजे काय! म्हणून कुलूप तसंच ठेवलं.

उपास कमी पडतोय असं वाटून मी गुरुवारही धरला. हे ताटावरून उठून गेले. आज गुरुवार. आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी भांडी घासत होते तर शेजारचे छापखानेवाले धावत दारात. हे गृहस्थ आमच्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून आहेत, यांचे जुने दोस्त, तोंडानं फाटके पण मनानं चांगले. "वहिनी, चला. बाइंडरसाहेब कटिंग मशीनपाशी उभे आहेत आणि मला मशीन बंद करू देत नाहीत." मी यंत्राची पेटी तेवढी उचलली. कशी सुचली कोण जाणे, तुमचं वाक्य डोक्यात होतं.

जाऊन बघते तर मशीनचं पातं वर आणि हे त्याच्याखाली कागदाची थप्पी सारखी करतायत. बोटं आत. तीच थप्पी मोजायची, विस्कटायची, परत मोजायची. छापखानेवाल्यांनी भिंतीवरचा मोठा खटकाच खाली ओढला, तेव्हा मशीनची घरघर थांबली. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, ऑर्डर कुणाच्या नावावर लिहू?"

मला म्हणाले. मला.

खुर्चीत बसवलं. बोट टोचायला गेले तर हात बर्फासारखा गार आणि घामानं निसरडा. पट्टीवर थेंब घेतला. आकडा आला सेहेचाळीस.

वन्सं, खरं सांगते, मी दोन्ही हात जोडले. डॉक्टरीणबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, आकडा दोनशेच्या वर आहे, तो शंभराच्या आसपास आणा, मग मी खूश. आणि हा तर शंभराच्या निम्म्याच्याही खाली! म्हटलं, पावला देव, दोन वारांचं फळ मिळालं. मग हा माणूस असा का दिसतोय? आकडा इतका चांगला आणि मान एका बाजूला कललेली?

तेवढ्यात छापखानेवाले कपात चहा घेऊन आले. त्यांच्या चहात साखर किती असते ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी कप हिसकावला, अर्धा माझ्याच अंगावर सांडला.

"मारायला निघालात का यांना?"

"चहा आहे वहिनी! पातं नाही घालत मानेवर! चक्कर आलेल्या माणसाला काय, हिशेब विचारत बसायचं?"

"यांना साखर चालत नाही!"

"यांना आत्ता काहीच चालत नाही! स्वतः चालता येईना झालंय!"

आणि मला बाजूला सारून उरलेला चहा त्यांनी यांना घोटाघोटानं पाजला. मी तिथंच उभी राहून देवाचं नाव घेत होते. म्हटलं, आता काय बघायचं नशिबात आहे. तर पाव तासात यांचा घाम सुकला, डोळे जागेवर आले. मला म्हणाले, "तू इथे कशी? आणि तुझ्या कपड्यांवर काय सांडलंय?"

आता सांगा. विष पाजलं आणि माणूस शुद्धीवर आला. आकडा चांगला आला तेव्हा माणूस वाईट होता. मी विश्वास ठेवू कुणावर, यंत्रावर, डॉक्टरीणबाईंवर, त्या चहावर की देवावर? पेटीची किल्ली माझ्या गळ्यात टोचते आहे. बारकी गोळी आणखी अर्धी वाढवून बघू, की उपासाला तिसरा वार धरू? छापखानेवाल्यांशी तर मी बोलतच नाहीये.

वहिनी

४ एप्रिल, शनिवार

वन्सं,

तुमचं पत्र काल आलं. या वेळी तुम्ही दोन्ही बाजूंनी लिहिलंत. "सेहेचाळीस वाचून मी मटकन खाली बसले. अगं वेडे, तो आकडा चांगला नाही, त्याच्या खाली खड्डा आहे. साखर वाढल्यावर जितकी वाईट, तितकीच फार उतरल्यावर वाईट, आणि उतरलेली लवकर मारते. सत्तरच्या खाली आकडा दिसला आणि तो गिळू शकत असला, तर आधी साखर तोंडात, पाव तासानं परत बोट टोच, मग पोटभर जेवण. बेशुद्ध झाला तर तोंडात काही घालू नकोस, सरळ दवाखाना. अर्धी गोळी वाढवणं राहू दे, चालू आहे तीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय इकडची तिकडे करू नकोस. आणि मला सांग, बारकी गोळी घेऊन त्यानं त्या दिवशी काय खाल्लं?"

किल्ली तेव्हाच गळ्यातून काढली. साखरेचा डबा ओट्यावर आणून ठेवला. हात लावायची भीती वाटते, पण ठेवलाय.

मात्र शेवटचा प्रश्न वाचून माझं डोकं फिरलं, खोटं कशाला सांगू. काय खाल्लं म्हणजे? मी उपाशी राहून पहाटे उठून यांचा डबा भरते! रोज संध्याकाळी डबा चाटूनपुसून येतो, शीतसुद्धा नसतं. आईंच्या वेळी यांना तुमचं बोलणं का झोंबलं असेल, ते मला कळलं. तुम्हाला चोख पुरावा द्यावा म्हणून अबोला सोडून मी छापखान्यात गेले. म्हटलं, ते दुकानाला लागूनच असतात, साक्ष देतील.

"भावजी, त्या गुरुवारी यांनी न्याहारी केली होती ना?"

"घेवड्याची भाजी होती वहिनी. काय झाली होती! वरच्या कप्प्यातला भात जरा मऊ होता, पण भाजी म्हणजे..."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला? सोमवार-गुरुवार डबा माझ्याकडेच असतो ना."

त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. पोटावरून हात फिरवून म्हणाले, "पट्टा एक भोक पुढे सरकलाय तुमच्या कृपेनं. मी सगळ्यांना सांगतो, वहिनी उपासाला स्वतः उपाशी आणि दुसऱ्याला दोन वेळचं जेवू घालतात, असं पुण्य कुणी करत नाही."

"मी नाही पाठवत. तो यांचा डबा आहे."

ते कागदाच्या रिळावर धपकन बसले. मोठा माणूस, शाईचे हात तोंडावर गेले, गालांवर पाचही बोटं उमटली. "म्हणजे मी बाइंडरच्या तोंडचं खात होतो? आणि तो त्या पात्याखाली..."

संध्याकाळी हे आले. डबा लख्ख. मी तो पाटावर ठेवला आणि विचारलं. आधी म्हणाले, छापखानेवाला थापा मारतो. मग म्हणाले, भूक नव्हती. मग खाली बघत बोलले.

"तू माझ्यासाठी दिवसभर पाण्यावर. आणि मी तिकडे मांडी घालून न्याहारी करू? घास उतरत नाही गं."

"मग तसं सांगायचं!"

"सांगितलं होतं, नको धरूस म्हणून. तू म्हणालीस, तुझा देव वेगळा."

"आणि उपाशीपोटी गोळी का घेत होतात?"

"तू देवाचं नाव घेऊन हातावर ठेवायचीस. नाही कसं म्हणू?"

वन्सं, ही गोळी म्हणे पोटात अन्न पडणार असं धरूनच साखर उतरवायला लागते. अन्न आलं नाही तरी ती थांबत नाही, असेल ती साखर उतरवत राहते. एवढं तुमच्या पत्रावरून मी जुळवलं. बाकीचं जुळत नाही. यांची साखर उतरावी म्हणून मी उपास धरला, आणि उतरली ती अशी. झटका आला की मी वार वाढवला, वार वाढवला की झटका वाढला. देवानं ऐकलं म्हणायचं की नाही ऐकलं? मी यांच्यासाठी उपाशी, हे माझ्यासाठी उपाशी, आणि पुण्य छापखानेवाल्यांच्या पोटावर.

आता परवा सोमवार आहे. हे म्हणतात, तू खा, मग मी खाईन. साखर ताळ्यावर येईपर्यंत उपास सोडणार नाही असा मी शब्द दिलाय, तोही माणसाला दिलेला नाही. शब्द मोडला आणि यांना आणखी काही झालं तर? नाही मोडला तर होणारच आहे. मला कुठल्या बाजूला उभं राहावं ते कळत नाही.

वहिनी

११ एप्रिल, शनिवार

वन्संना नमस्कार.

तुमच्या उत्तराची वाट बघणार होते, पण सोमवार थांबला नाही.

सकाळी उंबऱ्यात उभी राहिले. गोळी माझ्या हातात, पाण्याचं भांडं यांच्या हातात. यांनी तळहात पुढे केला.

"तू खाल्लंस?"

"आज सोमवार आहे."

"मग दे गोळी. रोजचीच आहे."

"डबा खाल का?"

तळहात तसाच पुढे. खाणार नाहीत ते चेहऱ्यावर दिसत होतं, आणि गोळी मात्र मागत होते. मी मूठ मिटून घेतली. लग्नानंतर यांना मी औषधाला नाही म्हटलं ते पहिल्यांदाच. हे चकित झाले, मग हसू लागले, मला मात्र रडू फुटलं. शेवटी दुकान बंद ठेवून दोघं तसेच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. जाताना मी यांच्या खिशात साखरेची पुडी घातली, तुमच्या शब्दाखातर.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. सेहेचाळीस म्हटल्यावर लिहिता लिहिता थांबल्या.

"उपास कुणाचा?"

"माझा."

"मग हे का उपाशी?"

"माझ्यामुळे."

"आणि गोळी?"

"ती यांची."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता झाडणार. पण म्हणाल्या, "चूक माझीही आहे. न्याहारीच्या तोंडावर घ्या म्हणाले, न्याहारी समोर ठेवून घ्या असं म्हणायला हवं होतं. उपास करता का, हेही मी विचारलं नाही." बारकी गोळी त्यांनी अर्ध्या ताकदीची करून दिली. ताट समोर आल्याशिवाय ती तोंडात जायची नाही. ज्या दिवशी खाणंच होणार नाही, ताप, उलटी, काहीही असो, त्या दिवशी ती राहू द्यायची आणि त्यांना विचारायचं. चुकलेली गोळी पुढच्या वेळी दोन घेऊन भरून काढायची नाही. पुडी कायम खिशात. मशीनवर बसण्याआधी बोट टोचायचं, आणि पट्ट्या वाचवायच्या नाहीत. हे शेवटचं बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"पण साखर खिशात, बाई? यांच्या?"

"लागली तर. चहाची तल्लफ आली म्हणून नाही."

हे लगेच खिडकीबाहेर बघायला लागले, त्यावरून मला काय ते कळलं.

घरी येऊन मी देवासमोर बसले. म्हटलं, अन्नाचा शब्द मागे घेते, त्याच्या बदल्यात सोमवार-गुरुवार तोंडातून शब्द काढणार नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, "हा नवस आधी केला असतास तर मला साखरच झाली नसती." गुरुवारी सकाळी मौन धरलं. दोघांची ताटं वाढली, गोळी ताटाशेजारी ठेवली. यांनी गोळी घेतली आणि घास हातात धरून माझ्याकडे बघत बसले. खाईनात. घास वर जाईना की खाली येईना. मी डोळ्यांनी खुणावलं, हातानं दटावलं, शेवटी तोंड सुटलंच, "अहो, खा ना!" मौन तिथंच संपलं. मीही खाल्लं. काही घडलं नाही. यांचा दुपारचा आकडा एकशे तीस आला, आणि तोही बरा की वाईट ते मला ठरवता येईना, म्हणून बाईंना विचारून आले. बरा आहे म्हणाल्या. देवाला काय वाटलं ते मात्र कुणाला विचारावं कळत नाही. रोज पोटभर जेवून रोज त्याची माफी मागते आहे.

आणखी एक. यंत्र माहेरचं नाही हे मी यांना सांगून टाकलं. हे पुस्तकाच्या कण्याला कापड लावत होते. खळ वाळेपर्यंत हात तिथंच धरला. मग विचारलं, "तिनं काय काय लिहिलंय?"

"काय खाल्लं, असं विचारलं होतं."

"हं. आईच्या वेळीही तिनं तसंच विचारलं होतं. मला वाटलं, मला चोर ठरवते आहे." कापडाची कड अंगठ्यानं दाबत राहिले. "ती तशीच विचारते. तिला दुसऱ्या तऱ्हेनं विचारताच येत नाही."

मी म्हटलं, मग मी काय लिहू?

"बोलाव. पण जेवायच्या वेळेला ये म्हणावं. मी खाल्लं का, तू खाल्लंस का, एकदाच डोळ्यांनी बघून घेऊ दे."

तुम्ही याल ना? आधी मी लिहिलं होतं की सोमवार-गुरुवार सोडून या. ते खोडलंय, वर दिसेल, कागद वाया घालवला नाही. कुठल्याही वारी या, तिघांची ताटं एकदम मांडीन. बेत काय करायचा आणि तुम्हाला काय चालत नाही, तेवढं वारासकट उलट टपाली कळवा.

तुमची वहिनी